येणार म्हटलं आणि आलो नाही

 

आज आपण शाळेतल्या मुलांच्या स्पर्धांबद्दल बोलू. स्पर्धा जिंकायची कशी हे गुरुजी आणि बाई शिकवतात. नाव दिल्यावर जायला जमत नसेल तर काय करायचं, हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही. आणि ते शिकवायची जागा शाळेइतकीच आपलं घर आहे. कारण संघ ऐनवेळी मागे फिरतो, तेव्हा बऱ्याचदा तो निर्णय मैदानात होत नाही, आदल्या रात्री चुलीपुढे होतो.

तुम्ही म्हणाल, शाळेच्या स्पर्धेशी बचत गटाचा काय संबंध? संबंध आहे. एक तर खेळणारी मुलं आपली. दुसरं म्हणजे अनेक ठिकाणी स्पर्धेच्या दिवशीचं जेवण आपल्याच गटातल्या बाया रांधतात. आणि तिसरं, शब्द देणं, शब्द पाळणं आणि शब्द पाळता येत नसेल तर वेळेत सांगणं, यावरच तर आपले गट उभे आहेत.

आधी स्पर्धा कशा चालतात ते पाहू. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या स्पर्धा केंद्रापासून सुरू होतात. केंद्रातून बीट, बीटातून तालुका, तालुक्यातून जिल्हा. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या वयोगटांत होतात. तिथे तालुका जिंकला की जिल्हा, मग विभाग, मग राज्य. म्हणजे ही एक शिडी आहे. खालच्या पायरीवर सामनाच झाला नाही, तर वरच्या पायरीवर जाणारी मुलगी न खेळताच जाते आणि तिथे उताणी पडते.

कबड्डीला मैदानात ७ जणी लागतात, खो-खोला ९. लहान शाळेत तेवढ्या मुली जमवणं हेच मोठं काम. आठवीतल्या दोघी, सातवीतल्या तिघी, सहावीतली एक चपळ पोर, असं करून संघ उभा राहतो. त्यातल्या दोघींच्या घरून आदल्या रात्री "नाही पाठवत" असं आलं, की उरलेल्या पाचजणींचा खेळ बुडतो. एका घरातला नकार सात घरांत पोचतो, आणि तिथेच थांबत नाही.

समजा तालुक्याला मुलींचे ८ संघ आहेत आणि स्पर्धा बाद पद्धतीने आहे, म्हणजे हरला तो घरी. पहिल्या फेरीत ४ सामने, मग २, मग अंतिम १, असे एकूण ७ सामने. सकाळी एक संघ आलाच नाही, की त्याच्यासमोरच्या संघाला 'पुढे चाल' मिळते. ऐकायला बरं वाटतं. पण त्या मुली पहाटे ४ ला उठून, भाकरी बांधून, जीपमध्ये दाटीवाटीने बसून आलेल्या असतात. दोन महिने दम लावलेला असतो. आणि मैदानावर त्यांना सांगतात, "तुमच्यासमोर कुणी नाही, बसा सावलीला." मग उपांत्य सामन्याला त्या थंड अंगाने उतरतात. समोरचा संघ एक सामना खेळून तापलेला असतो, पण दमलेलाही असतो. म्हणजे कुणालाच धड न्याय मिळत नाही.

साखळी पद्धतीत तर आणखी गुंता. ४ संघांचा गट असेल तर प्रत्येकजण तिघांशी खेळतो, एकूण ६ सामने. एक संघ आला नाही की सामने उरतात ३. अर्धी स्पर्धा गेली! आणि एखादा संघ दोन सामने खेळून मधूनच निघून गेला, तर ज्यांनी त्याला हरवलं ते म्हणतात आमचे गुण द्या, ज्यांचा सामना राहिला ते म्हणतात आमचं काय? म्हणून बऱ्याच ठिकाणी अशा संघाचे झालेले सामनेही सगळ्यांसाठी रद्द धरतात. मग ज्यांनी घाम गाळून जिंकलं, त्यांचं जिंकणं पुसलं जातं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. १९५० साली ब्राझील देशात फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. १६ संघ खेळायचे होते. त्यात आपला भारतही होता. आपल्या गटात इटली, स्वीडन आणि पॅराग्वे हे देश होते. भारताने माघार घेतली. आपल्या खेळाडूंना अनवाणी खेळू देईनात म्हणून आपण गेलो नाही, अशी गोष्ट लोक सांगतात. पण जाणकार म्हणतात की तेवढंच कारण नव्हतं, लांबचा प्रवास, तयारी आणि खेळ चालवणाऱ्या मंडळींचा निरुत्साह, हेही होतं. माघार घेणारे आपण एकटेच नव्हतो. शेवटी १६ च्या जागी १३ संघ खेळले. एका गटात तर उरुग्वे आणि बोलिव्हिया असे दोनच देश उरले. त्यांचा एकच सामना झाला, उरुग्वेने तो ८-० ने जिंकला आणि तो एकदम पुढच्या फेरीत गेला. दुसऱ्या गटांतले देश मात्र दोन किंवा तीन सामने खेळून तिथे पोचले. पुढे उरुग्वेने विश्वचषक जिंकला. त्यांनी खेळात काही खोट केली नाही, चांगलेच खेळले. पण पहिल्या फेरीत त्यांची वाट सोपी झाली ती दुसऱ्यांच्या न येण्याने. आणि भारताला पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकात खेळायची संधी त्यानंतर आजवर मिळालेली नाही. सोडलेली जागा परत मिळेलच असं नसतं, हे त्यातून घ्यायचं.

जवळचं उदाहरण हवं तर पुण्याचं घ्या. तिथे महाविद्यालयांच्या एकांकिकांसाठी पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून होते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था ती भरवते. अशा स्पर्धेत जागा मोजक्या असतात आणि प्रयोगाचे दिवस ठरलेले असतात. एका संघाने नाव देऊन ऐनवेळी पाय मागे घेतला, तर त्याची जागा रिकामी जाते. जागा न मिळालेल्या दुसऱ्या कॉलेजची मुलं घरी बसलेली असतात. आठ दिवस आधी कळलं असतं, तर ती उभी राहिली असती. नाटक असो, वक्तृत्व असो, प्रश्नमंजूषा असो की कबड्डी, हिशेब तोच.

आता आपल्या शेतातला हिशेब मांडू, म्हणजे पटकन समजेल. भाताची लावणी आपण सावडीने करतो. आज माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. समजा तुम्ही दहा जणींना सांगितलंय. चिखलणी झालीय, रोपं उपटून मुठी बांधून बांधावर ठेवल्यात. आणि सकाळी चौघी आल्याच नाहीत. मुठी सुकायला लागतात, चिखल बसायला लागतो. त्या चौघींनी आदल्या दिवशी सांगितलं असतं, तर रोपं निम्मीच उपटली असती. न येण्याने नुकसान होतं ते थोडं, न सांगण्याने होतं ते जास्त. आजारी पडलेल्या बाईवर कुणी रागावत नाही. राग येतो तो दुपारपर्यंत वाटेकडे डोळे लावून बसल्याचा.

गटातही तसंच. हप्ता भरायला जमत नाही असं जी ताई बैठकीआधी येऊन सांगते, तिच्यासाठी आपण वाट काढतो. जी सांगतही नाही आणि येतही नाही, तिच्यामुळे सगळ्यांचा हिशेब अडतो.

मग रीत काय असावी? आम्हाला जे पटतं ते सांगतो. तुम्ही तुमच्या बैठकीत बोला, कमीजास्त करा.

पहिली गोष्ट, माघार टाळायची असेल तर नाव देण्याच्या दिवशीच विचारायचं. गुरुजी किंवा बाई संमतीची सही मागतात, आपण अंगठा किंवा सही देऊन मोकळ्या होतो. त्या दिवशी पाच प्रश्न विचारा. स्पर्धा कुठे आहे? कोणत्या तारखेला? जायचं कशातून? मुलींसोबत बाई कोण आहेत? परत किती वाजता सोडणार? मुक्काम असेल तर मुली कुठे झोपणार आणि संडास-न्हाणीची सोय काय, हेही विचारा. हे विचारणं म्हणजे गुरुजींवर अविश्वास दाखवणं नव्हे. हेच प्रश्न आदल्या रात्री आजी किंवा सासरे विचारतात, उत्तर मिळत नाही, आणि मुलगी घरात राहते.

तारखेचंही तेच. भात कापणीचे दिवस आहेत का, घरात लग्न आहे का, तिची पाळी त्या सुमारास येते का, हे आधीच बघता येतं. पाळी आली म्हणून खेळू नये असं काही नाही. पोटात फार दुखत नसेल आणि तिची इच्छा असेल तर ती खेळू शकते. सोबत बाई हव्यात, पिशवीत पॅड हवेत आणि बदलायला आडोसा हवा. हे आईने बाईंना आधी सांगितलं तर सोय होते.

दुसरी गोष्ट, जमणार नाही असं दिसलं की त्याच दिवशी सांगायचं. "बघू, जमेल बहुतेक" असं म्हणत आठ दिवस काढायचे नाहीत. आठ दिवस आधी कळलं तर दुसऱ्या शाळेला बोलावता येतं. दोन दिवस आधी कळलं तर सामन्यांची जुळणी नव्याने करता येते, जेवणाचा आकडा बदलता येतो. त्याच दिवशी सकाळी ६ ला कळलं, तरी समोरच्या संघाला "जरा उशिरा निघा" असं सांगता येतं. म्हणजे उशीर झाला म्हणून गप्प बसायचं नाही. उशिराचा फोनसुद्धा न केलेल्या फोनपेक्षा चांगलाच.

तिसरी गोष्ट, सांगायचं कुणाला आणि कसं. ज्यांनी स्पर्धा भरवली त्यांना, आणि फोन करून. ग्रुपवर मेसेज टाकला म्हणजे कळवलं असं होत नाही. आपल्या खोऱ्यांत रेंज येते-जाते. मेसेज सकाळी ९ ला उघडला जातो, तोवर मैदान आखून झालेलं असतं. समोरच्याने "हो, कळलं" म्हणेपर्यंत निरोप पोचला असं धरू नका.

बोलायचं काय? चार वाक्यं पुरतात. "नमस्कार सर, आमच्या शाळेचा मुलींचा संघ उद्या येऊ शकत नाही. दोन मुली तापाने आजारी आहेत. तुमची गैरसोय होतेय, त्याबद्दल माफी मागतो. जेवणाच्या आकड्यातून आमची १४ माणसं कमी करा." बस. लांबण लावायची नाही, खोटं कारण द्यायचं नाही. गाडी बंद पडली असं सांगायचं आणि संध्याकाळी तीच गाडी बाजारात दिसायची, असं झालं की पुढच्या वेळचं खरं कारणही कुणी मानत नाही. घरातलं कारण उघड सांगायचं नसेल तर "घरगुती अडचण आहे" एवढं म्हणणं पुरे.

चौथी गोष्ट, ज्यांचा पैसा किंवा कष्ट गुंतलाय त्यांची आठवण ठेवायची. जीपवाल्याने आपल्यासाठी दुसरं भाडं सोडलेलं असतं. त्याला आदल्या दिवशी कळवा, उशीर झाला असेल तर काहीतरी भरपाई द्या. गावातून वर्गणी गोळा केली असेल तर ती कुठे गेली ते सांगा. दुसऱ्या शाळेचे बूट, गणवेश मागून आणले असतील तर धुऊन परत करा.

आणि जेवण! १२ मुली आणि सोबतचे दोघे, असा एक संघ म्हणजे १४ माणसं. तीन संघ आले नाहीत की ४२ ताटं उरतात. माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरला तरी चार किलोच्या वर भात, शिवाय आमटी, भाजी. ते रांधणारी बाई पहाटे ३ ला उठलेली असते, आणि ताटावर पैसे ठरले असतील तर तोटा तिचा. म्हणून जेवणाचं काम घेणाऱ्या गटांनी आधीच ठरवून घ्यावं, की आदल्या दिवशी दुपारी ४ पर्यंत जो आकडा सांगाल त्याचे पैसे द्यावे लागतील. यात भांडण नाही, स्पष्टपणा आहे.

पाचवी गोष्ट यजमानांसाठी. माघार घेणाऱ्याने रीत पाळायची, तशी यजमानानेही. स्पर्धेच्या दोन दिवस आधी प्रत्येक शाळेला एक फोन करा, "येताय ना?" एवढंच विचारा. बरीच गडबड तिथेच उघडी पडते. राखीव म्हणून एक-दोन संघांची नावं ठेवा. आणि संघ आला नाही तर लाउडस्पीकरवरून "घाबरले, पळाले" असं बोलू नका. पोरं घरी ऐकतात, गावभर होतं. "अमुक शाळेचा संघ काही कारणाने येऊ शकला नाही" एवढं पुरे. ज्यांना पुढे चाल मिळाली त्यांना नुसतं बसवू नका. राखीव मुली गोळा करून किंवा मोकळ्या असलेल्या दुसऱ्या संघाशी दहा मिनिटांचा मैत्रीचा सामना लावून द्या. आलेल्या पोरींचे पाय मातीला लागले पाहिजेत.

काहीजण म्हणतात, ऐनवेळी न येणाऱ्या शाळेला दंड करा, पुढच्या वर्षी बंदी घाला. आम्हाला ते पटत नाही. दंड शेवटी मुलांच्या खिशातून जातो आणि बंदी भोगतात त्याही मुलीच, ज्यांना घरून सोडलं नव्हतं. न सांगणाऱ्या मोठ्या माणसांशी मोठ्या माणसांनी बोलावं. मात्र दरवर्षी नाव देऊन दरवर्षी गायब होणाऱ्या शाळेला "यंदा आठ दिवस आधी नक्की सांगा, मगच जुळणीत नाव घालू" असं म्हणणं रास्त आहे.

सहावी गोष्ट सगळ्यांत नाजूक. संघ मागे का आला हे मुलांना खरं सांगा. आणि ज्या मुलीमुळे संघ मोडला तिच्यावर सगळं ढकलू नका. निर्णय तिचा नसतोच. ती वर्गात जाते आणि बाकीच्या सहाजणी तिच्याशी बोलत नाहीत, हे फार वाईट. बाईंनी सगळ्यांना बसवून सांगावं, "ती आजारी होती" किंवा "तिच्या घरी अडचण होती, आपण पुढच्या वेळी एक जादा मुलगी तयार ठेवू." मग मुलींनीच आपल्या अक्षरात यजमान शाळेला चार ओळींचं पत्र लिहावं. नाव देऊन येऊ शकलो नाही, तुमची वाट बघणं वाया गेलं, माफ करा, पुढच्या वेळी मैदान आखायला आम्ही येऊ. असं पत्र लिहिणारी मुलगी उद्या नोकरीत, संसारात, ग्रामसभेत शब्दाची किंमत ओळखेल.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. शब्द दिलाय म्हणून जीव धोक्यात घालायचा नाही. आपला भाग डोंगराचा. ओढ्याला पाणी आलं, फरशीवरून पाणी वाहतंय, दरड पडलीय, तर निघायचं नाही. वरंधा घाट पावसाळ्यात किती वेळा बंद असतो ते आपण बघतोच. अशा वेळी माघार घेणं हीच शहाणपणाची रीत. मुलांना साथीचा ताप असेल तर त्यांना बारा शाळांच्या गर्दीत नेऊ नका. गावात मयत झाली असेल तर कुणी कारण विचारणारही नाही. अशा वेळीही निरोप तेवढा द्यायचा, म्हणजे वाट बघणाऱ्यांचा जीव टांगणीला लागत नाही.

आता मुलींच्या संघाबद्दल दोन शब्द जास्त. मुलांचा एक संघ आला नाही तरी स्पर्धा होते, कारण संघ भरपूर असतात. मुलींचे संघ आधीच थोडे. चारातले दोन आले नाहीत तर उरतो एक सामना. असं दोन वर्षं झालं की कुणीतरी बैठकीत म्हणतं, "मुलींचे संघ येतच नाहीत, कशाला ठेवायची त्यांची स्पर्धा?" आणि यादीतून ओळ निघून जाते. मग ज्या गावातली पोर खरंच चांगली खेळते, तिला चढायला शिडीच उरत नाही. खेळात वर गेलेल्यांना दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत असते, पुढे नोकरीत खेळाडूंसाठी जागा असतात. तिथवर पोचायचा रस्ता तालुक्याच्या मैदानातून जातो. आपण एका रात्री आपल्या लेकीला घरी ठेवतो, तेव्हा शेजारच्या खोऱ्यातल्या एखाद्या अनोळखी लेकीचीही वाट अडवतो. हे बोलून दाखवायचं ते कुणाला लाजवायला नव्हे. आपल्या निर्णयाला किती वजन आहे, हे आपल्याला कळावं म्हणून.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. गावातल्या शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना बोलवा. यंदा कोणकोणत्या स्पर्धा आहेत, कधी आहेत, कुणाच्या मुली जाणार आहेत, ते वहीत लिहून घ्या. ज्या घरात "पाठवायचं की नाही" अशी चर्चा आहे, तिथे गटातल्या दोघी जाऊन बसा. एखादीची आई कामामुळे डबा देऊ शकत नसेल, तर दुसरीने दोन भाकरी जास्त थापा. सोबत जायला एखादी ताई मोकळी असेल तर तिचं नाव बाईंना द्या. बाईमाणूस सोबत आहे म्हटल्यावर निम्मी घरं तिथेच तयार होतात. आणि इतकं करूनही जमलं नाही, तर फोन कोण करणार तेही आधीच ठरवून ठेवा.

तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा. तुमच्या लेकींना मैदानावर समोर खेळायला कुणीतरी असो, आणि त्याही कुणाच्या तरी समोर उभ्या राहोत. नमस्कार.